मुलीचे मधले नाव



बारशाचा दिवस जवळ आला की घरात पंचांग उघडले जाते. नक्षत्रावरून आद्याक्षर निघते, आत्या आणि मावश्या आपापल्या आवडीची नावे पुढे करतात आणि चार दिवस त्यावर खल चालतो. हा सारा खल पहिल्या नावाचा. मधले नाव कोणते, हा प्रश्न कोणी काढीतच नाही, कारण ते ठरलेलेच आहे अशी आपली समजूत असते. इंग्लंड-अमेरिकेत मधले नाव हौसेने निवडतात, पहिल्या नावाशी त्याची लय जुळते की नाही हे पाहतात. आपल्याकडे मधले नाव म्हणजे वडिलांचे नाव, आणि मुलगी असेल तर लग्नानंतर नवऱ्याचे. आज मला एवढेच दाखवावयाचे आहे की ही गोष्ट वाटते तितकी सनातन नाही.

प्रथम शास्त्राकडे वळू. मुलीचे नाव कसे असावे याविषयी आपल्या स्मृती आणि गृह्यसूत्रे बरेच बारकाईने बोलतात. मनू म्हणतो की ते उच्चारावयास सोपे, मंगल, मनाला आवडणारे आणि दीर्घ स्वराने संपणारे असावे. पारस्कराच्या मते त्यातील अक्षरे विषम असावीत. पण या नावापुढे कोणाचे नाव लावावे, याचा तेथे उल्लेख नाही. मधल्या नावाची प्रथा शास्त्राने नव्हे, व्यवहाराने घडविली. आणि व्यवहार बदलत असतो.

महाराष्ट्रातील एक जुना पुरावा नाशिकच्या लेण्यांत आहे. गौतमीपुत्र सातकर्णी आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावी ही सातवाहन राजांची नावे आपण शाळेत घोकली. दोन्ही नावांत राजाची ओळख आईवरून आहे. पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी त्याची आजी गौतमी बलश्री हिने तिसऱ्या लेण्यात मोठा लेख कोरविला. यावरून त्या काळी स्त्रियांचे राज्य होते, असा अर्थ मात्र काढू नये. गादी बापाकडून मुलाकडेच जात होती, आणि ‘गौतमी’ हेही गोत्रावरून आलेले नाव आहे. तथापि आईच्या नावाने ओळख सांगण्यात राजालाही कमीपणा वाटत नव्हता, एवढे यावरून नक्की ठरते.

पुढे वडिलांचे नाव लावण्याची रीत रुळली. बाळाजी विश्वनाथ, बाजीराव बल्लाळ, बाळाजी बाजीराव: नुसत्या मधल्या नावांवरून पेशव्यांची वंशावळ मांडता येते. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईतही तेच दिसते. गिरगावच्या जगन्नाथ शंकरशेटांचे आडनाव मुरकुटे होते, हे आज किती जणांना ठाऊक आहे? मुलाचे नाव आणि बापाचे नाव, एवढ्यावर शहराचे काम भागत होते. या साखळीत मुलींना मात्र कायमचा दुवा नव्हता. बापाचे नाव लग्नापर्यंत सोबत करी, आणि पुष्कळदा त्याबरोबर स्वतःचे नावही जाई.

दोन यमुनांची गोष्ट घ्या. १८६५ साली कल्याणला जन्मलेली यमुना जोशी नवव्या वर्षी गोपाळराव जोशांची पत्नी झाली आणि ‘आनंदी’ झाली. आडनाव योगायोगाने तेच राहिले. पहिले आणि मधले नाव दोन्ही बदलले. १८८६ साली फिलाडेल्फियाहून ती डॉक्टर झाली. श्री. ज. जोशी यांनी १९६८ साली तिच्यावर कादंबरी लिहिली, तिचे शीर्षक ‘आनंदी गोपाळ’. यातले एक नाव नवऱ्याने दिलेले, दुसरे नवऱ्याचेच. तिच्याच पिढीतली दुसरी यमुना कुर्लेकरांची. १८७३ साली महादेव गोविंद रानडे यांच्याशी विवाह होऊन ती रमाबाई झाली. दोघींचे पती सुधारक, दोघांनीही बायकोला शिकविण्यासाठी लोकनिंदा सोसली. पण नाव बदलण्यात काही बिघडते, असे त्यांच्याही मनात आले नसावे. रूढी किती खोल गेलेली असते, ते यावरून कळते.

आता गिरगावातच येऊ. येथे डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी त्यांची सावत्र मुलगी रखमाबाई वाढली. अकराव्या वर्षी तिचे लग्न झाले होते. मोठेपणी तिने नांदावयास जाण्याचे नाकारले. नवरा मुंबईच्या हायकोर्टात गेला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, तो अपिलात टिकला नाही; आणि १८८७ साली ‘नांदावयास जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा’ असा हुकूम झाला. आपण तुरुंग पत्करू, असे तिने कळविले. १८८८ साली तडजोड होऊन दोन हजार रुपयांवर प्रकरण मिटले. पुढे ती विलायतेस जाऊन डॉक्टर झाली. या खटल्याचे नाव पाहा: ‘दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई’. वादीच्या पाठीशी बापाचे नाव आहे. प्रतिवादी मात्र एकटी. आजही कोणी तिला सावत्र वडिलांचे ‘राऊत’ आडनाव लावतात. पण बहुतेकांना ती नुसती ‘डॉ. रखमाबाई’ म्हणूनच ठाऊक आहे. मधल्या नावावाचून तिचे काही अडले नाही.

सामान्य घरांत याची दुसरी बाजू दिसे. गिरगाव-लालबागच्या चाळींत जुन्या बायका नवऱ्याचे नाव तोंडाने घेत नसत. घ्यायचे ते उखाण्यात. दवाखान्यात केसपेपर काढताना पूर्ण नाव विचारले की बाई हसून शेजारणीकडे पाही, किंवा मुलाला पुढे करी: ‘सांग रे तुझ्या बापाचं नाव.’ आपण यावर पुष्कळ हसलो आहोत. पण विचार करा, स्वतःचे पूर्ण नाव स्वतःच्या तोंडाने सांगता येऊ नये, ही किती विलक्षण स्थिती!

आता कायदा बदलला आहे. ११ मार्च २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला: १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव शासकीय दस्तऐवजांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहावयाचे. गौतमीची ओळख सुमारे एकोणीसशे वर्षांनी जन्मदाखल्यावर परत आली. मात्र त्याच निर्णयात विवाहित स्त्रीसाठी तिचे नाव, पतीचे नाव व आडनाव ही चालू रीत कायम ठेवली आहे. मिळकतीच्या दस्तऐवजात माहेरचे नाव लावण्याची मुभा तेवढी आहे. म्हणजे जन्मतः मिळालेले आईचे नाव लग्नाच्या कागदावर पुन्हा गळू शकते. आणि हे लग्नानंतरचे नाव बदलणे कोणत्याही कायद्याने सक्तीचे केलेले नाही; ते आपण रीत म्हणून करतो.

तेव्हा ज्यांच्या घरी पाळणा हलतो आहे, त्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली अशी की घाई करू नका. जन्माची नोंद वेळेवर करा. नाव वर्षभरात विनाशुल्क आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून नोंदविता येते. नाव ठरविताना ते आईच्या आणि वडिलांच्या नावाबरोबर मोठ्याने म्हणून पाहा. शाळेत हजेरी घेताना ते असेच पुकारले जाणार आहे. लांब नावांच्या जोडीला लहान नाव शोभते. तीनही नावे एकाच अक्षराने सुरू झाली तर जीभ अडखळते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. चर्नी रोडला शासकीय मुद्रणालय आहे. नाव बदलल्याची सूचना ज्या राजपत्रात प्रसिद्ध होते, त्याचा कारभार तेथून चालतो. एखाद्या मुलीला आपले नाव बदलावेसे वाटले तर तिने ते खुशाल बदलावे. तो तिचा अधिकार आहे. पण लग्न ठरले म्हणून, आणि ताम्हणातल्या तांदळावर कोणी अंगठीने दुसरेच नाव लिहिले म्हणून, तिला तेथवर जावे लागू नये. बारशाला आत्या बाळाच्या कानात जे नाव सांगते, ते त्या मुलीला जन्मभर पुरावे, अशाच बेताने ते ठेवा.