नभोवाणीवरील राजकीय पक्षपात

नभोवाणीवरील राजकीय पक्षपात : बातमी, भाषण वा मुलाखत एखाद्या पक्षाच्या सोयीने निवडणे, कापणे किंवा गाळणे. अमेरिकेत १९८७ मध्ये समतोलाचे सरकारी बंधन उठले आणि उघडपणे एका पक्षाची तळी उचलणारी खासगी केंद्रे फोफावली. भारतात प्रक्षेपण दीर्घकाळ सरकारच्याच हाती राहिले, त्यामुळे पक्षपाताचे दुखणेही सरकारी बातमीपत्रातच मुरले.

महाराष्ट्राने उघड बाजू घेणारा रेडिओ ऐकला तो स्वातंत्र्यलढ्यात. १९४२ मध्ये उषा मेहता आणि सहकाऱ्यांनी मुंबईत जागा बदलत गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालवला; १२ नोव्हेंबरला पोलिसांनी तो पकडला. वर्तमानपत्रे ज्यांना हात लावू धजत नव्हती, त्या चिमूर-आष्टीतील दडपशाहीसारख्या बातम्या या रेडिओने दिल्या. १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आधी आंबोलीच्या रानातून आणि मग कॅसलरॉकहून गोवामुक्तीचे केंद्र चालवले. आपण कोणाच्या बाजूचे, हे या दोन्ही केंद्रांनी कधी लपवले नाही. ऐकणाऱ्याला त्यांचे म्हणणे तोलून घेता येत होते.

आणीबाणीत ती सोय उरली नाही. विद्याचरण शुक्ल माहिती व नभोवाणी मंत्री होते. डिसेंबर १९७६ मध्ये आकाशवाणीच्या बातमीपत्रांत काँग्रेसच्या प्रवक्त्यांना २,२०७ ओळी मिळाल्या, विरोधकांना ३४. सरकारी प्रचाराला साथ नाकारणाऱ्या किशोरकुमारांची गाणीही बंद झाली. डोंबिवलीच्या चाळीत रेडिओ लावणाऱ्याला दुसरे देशी केंद्रच नव्हते. उरे ती लघुलहरींवरची बीबीसीची हिंदी सेवा.

१९७७ च्या लोकसभा निवडणुकीपासून मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणीवर वेळ मिळू लागला. भाषणाची संहिता मात्र आधी द्यावी लागते. व्यक्तीचे नाव घेऊन टीका आणि धर्मावर हल्ला चालत नाही. हे नियम रास्त आहेत, पण कात्री कुठे चालते ते २०२४ मध्ये दिसले. मार्क्सवादी पक्षाचे सीताराम येचुरी यांना इंग्रजी भाषणात सरकारच्या कारभाराची ‘दिवाळखोरी’ म्हणण्याऐवजी ‘अपयश’ म्हणायला सांगण्यात आले. त्याच भाषणाच्या हिंदी संहितेला हरकत नव्हती! मतदाराला शब्द निवडून देणे हे प्रक्षेपकाचे काम नव्हे.

प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला. निकाल देणाऱ्या पीठात न्या. पी. बी. सावंत होते. पुढे खासगी एफएम आले, पण त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा मिळाली नाही. २०१९ मध्ये परवानगी मिळाली ती आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवण्यापुरती. प्रमाणित केलेली निवडणूक जाहिरात मात्र चालते.

खासगी केंद्रांना बातम्यांची बंदी करून पक्षपात रोखण्याचा हा उपाय उलटा पडतो. डोंबिवलीहून सीएसएमटीला निघालेल्या प्रवाशाच्या हेडफोनमध्ये पैसे मोजणाऱ्या उमेदवाराचा आवाज पोचतो. त्याच उमेदवाराला कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या पाण्याबद्दल, कचऱ्याबद्दल, खड्ड्यांबद्दल जाब विचारणाऱ्या एफएमवरच्या बातमीदाराला परवानगी नाही.