पडीक शेतातले पिवळे फूल

आपल्या परसातली गुलबाक्षी संध्याकाळी फुलते, हे आपण जाणतोच. तोच मुहूर्त धरणारी एक रानटी वनस्पती मूळची अमेरिकेची. इंग्रजीत तिला ईव्हनिंग प्रिमरोज म्हणतात. शास्त्रातले नाव ईनोथेरा. सतराव्या शतकाच्या आरंभी ती युरोपातल्या बागांत आली आणि कुंपण ओलांडून रानोमाळ पसरली. रेल्वेचे भराव, नदीकाठची रेताड जमीन, टाकून दिलेली शेते, म्हणजे जिथे माती मोकळी आणि इतर झाडांची दाटी नाही, तिथे ती रुजते. पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा नुसता झुपका. दुसऱ्या वर्षी उंच दांडा निघतो, त्यावर चार पाकळ्यांची पिवळी फुले. तिन्हीसांजेला ती उमलतात, रात्री लांब सोंडेचे पतंग मधासाठी येतात, आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढले की फूल कोमेजते. बी धरले की झाडही संपते.

या साध्या झाडाने शास्त्रात मोठी खळबळ उडवली, ती कशी, ते पाहा.

१८८६ साली हॉलंडमध्ये हिल्व्हरसमजवळच्या एका पडीक बटाट्याच्या शेतात ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक ह्यूगो द व्हरीस यांना ही झाडे दिसली. शेजारच्या बागेतून ती तिथे पसरली होती. त्यांत काही झाडे अगदीच निराळी होती. द व्हरीस यांनी बी नेऊन पेरले, आणि पुढे पन्नास हजारांहून अधिक रोपे वाढवली. पिढ्यान्‌पिढ्या सारखी निघणारी रोपे, पण मधूनच एखादे एकदम वेगळे! डार्विनने सांगितले होते की बदल हळूहळू साचत जातो. द व्हरीस म्हणाले, नाही, नवी जात एका उडीत जन्मते. या उडीला त्यांनी 'म्यूटेशन' म्हटले. आपण उत्परिवर्तन म्हणतो. त्यांचा ग्रंथ १९०१ ते १९०३ या काळात प्रसिद्ध झाला.

पण झाडानेच त्यांना चकवले होते. ईनोथेराच्या पेशीत १४ गुणसूत्रे असतात. एरवी ती दोन-दोनच्या जोड्यांनी जुळतात. या जातीत मात्र त्यांपैकी १२ एका कड्यात गुंफलेली असतात. त्यामुळे संकराचे गुण आत दडून राहतात आणि क्वचित कडे बिघडले की एकदम बाहेर येतात. 'गायगास' नावाच्या थोराड झाडात तर गुणसूत्रांची संख्याच दुप्पट, २८, असल्याचे १९०७ साली दिसून आले. म्हणजे ज्यांना नव्या जाती म्हटले, त्यांतल्या बहुतेक जुन्याच सामानाची नवी मांडणी होत्या.

मग सारे श्रम वाया गेले काय? मुळीच नाही. १९०० साली अमेरिकन शास्त्रज्ञ मॉर्गन द व्हरीस यांची बाग पाहून गेले. तसे बदल प्राण्यांत शोधावे म्हणून त्यांनी फळमाश्या पाळल्या, आणि १९१० साली त्यांना लाल डोळ्यांच्या माश्यांत पांढऱ्या डोळ्यांची एक माशी सापडली. आनुवंशिकीचे पुढचे पुष्कळ काम तिच्यापासून सुरू झाले. द व्हरीस यांचे उत्तर टिकले नाही. त्यांचा शब्द मात्र टिकला, आणि प्रश्नही. तेव्हा वाचकहो, पडीक जागेतले एखादे वेगळे रोप दिसले, तर तण म्हणून उपटण्यापूर्वी क्षणभर थांबून ते नीट पाहावे.