फौजेच्या पगारांत गुंतलेला वऱ्हाड

नांदगांव खंडेश्वर हें वऱ्हाडांतील गांव तेथील यादवकालीन देवालयामुळें प्रसिद्ध आहे. या गांवच्या कुणब्यानें १८५३ नंतर जो शेतसारा भरला, त्यावर पहिला हक्क शाळेचा वा सडकेचा नव्हता. तो एका फौजेच्या पगाराचा होता. फौज निजामाच्या नांवाची, अंमलदार इंग्रज, आणि हुकूम रेसिडेंटाचा.

हैदराबाद कंटिंजंट ती हीच. तैनाती फौज निराळी आणि ही निराळी, हें ध्यानांत ठेवावें लागतें; सारा तंटा याच भेदावर उभा आहे. तैनाती फौजेसाठीं निजामानें १८०० च्या तहानें मुलूख तोडून दिलाच होता. शिवाय युद्धप्रसंगीं ६००० पायदळ व ९००० स्वार मदतीस देण्याचें त्यानें कबूल केलें. शांततेच्या काळांत कवायती पलटणी पोसण्याचें बंधन त्या तहांत नव्हतें. परंतु रेसिडेंट हेन्री रसेल यानें स्वतःच्या नांवाची ब्रिगेड उभारली, एलिचपूरच्या नवाब सलाबतखानाच्या पलटणीही पुढें याच व्यवस्थेंत आल्या, आणि युद्धें संपलीं तरी फौज कांहीं मोडली नाहीं. पगार थकूं लागले. पामर आणि कंपनी या पेढीनें जबर व्याजानें कर्ज पुरविलें. ती पेढी १८२४ मध्यें बुडाली, पण कर्जाची संवय तेवढी राहिली. ज्या फौजेवर धन्याचा हुकूम चालत नाहीं, तिचा खर्च त्यानें आटोक्यांत ठेवावा तरी कसा?

पुढें सावकाराच्या जागीं खुद्द कंपनी सरकारच आलें. डलहौसीच्या कारकीर्दींत, २१ मे १८५३ रोजीं, रेसिडेंट कर्नल लो यानें नासिरुद्दौल्याकडून तह करून घेतला. वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे प्रांत कंपनीच्या कारभारांत गेले. मालकी निजामाची राहिली, ती कागदावर. या उत्पन्नांतून ५००० पायदळ, २००० स्वार व चार तोफखाने पोसावयाचे होते. पांचच वर्षांनीं याच कंटिंजंटचे शिपाई ह्यू रोजच्या हाताखालीं झांशी व काल्पी येथें लढले. राणी लक्ष्मीबाईच्या फौजेवर चालून गेलेल्या शिपायांचा पगार वऱ्हाडच्या साऱ्यांतूनही भागत होता, ही गोष्ट वऱ्हाडी माणसास सहसा ठाऊक नसते.

१८६० मध्यें निजामाला सुमारें ५० लक्षांचें कर्ज माफ झालें आणि धाराशिव व रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र राहिला. शिल्लक उरल्यास ती निजामास द्यावयाची, पण जमाखर्चाचा हिशेब त्यानें मागावयाचा नाहीं, असें ठरलें! सालारजंगानें वऱ्हाड परत मिळविण्याचा ध्यास घेतला. १८७६ मध्यें तो इंग्लंडलाही जाऊन आला, परंतु रिक्त हस्तानें. अखेर १९०२ मध्यें कर्झननें मीर महबूब अली खानाशीं करार करून वऱ्हाड सालीना २५ लक्षांच्या कायम पट्ट्यानें घेतला. लगेच १९०३ मध्यें कंटिंजंट हिंदी सैन्यांत विलीन झाली. ज्या फौजेच्या निमित्तानें प्रांत गेला ती फौज निराळी उरली नाहीं. प्रांत परत आला नाहीं.

तिच्या एका पलटणीस ९६ वी बेरार इन्फन्ट्री हें नांव मिळालें. पुढें ती १९ व्या हैदराबाद रेजिमेंटची दुसरी पलटण झाली, आणि १९४५ मध्यें त्या रेजिमेंटचेंच नांव कुमाऊं असें बदललें. तोंवर तींत कुमाऊंनी, जाट व अहीर जवानांचा भरणा झाला होता. वऱ्हाडचें नांव तेवढें पलटणीपुढें कंसांत राहिलें.