सर्वसेनाचे नाव आणि तळटीपेचे ऋण

वाशीमहून पुसदच्या रस्त्याला लागले की अनसिंग येते. तेथील एखादा विद्यार्थी एम. ए.च्या लघुप्रबंधासाठी आपल्याच परिसराचा प्राचीन इतिहास निवडतो, अशी कल्पना करू. ग्रंथालयातील एका पुस्तकात त्याला वाशीम ताम्रपटाची हकीकत सापडते आणि पानाच्या तळाशी टीप दिसते: एपिग्राफिया इंडिका, खंड २६, पृष्ठ १३७. ती टीप तो जशीच्या तशी आपल्या प्रबंधात उतरवून घेतो. मूळ लेख त्याने पाहिलेला नसतो. मार्गदर्शकांनीही बहुधा पाहिलेला नसतो. यात काही गैर घडले असे कोणालाच वाटत नाही. आणि आम्ही विद्यार्थी असताना आम्हांसही वाटले नव्हते, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

संदर्भ देणे ही परीक्षकाने घातलेली अट आहे किंवा फार तर विद्वानांमधील शिष्टाचार आहे, अशी आपली समजूत असते. ती किती अपुरी आहे हे पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. त्याच विद्यार्थ्याच्या विषयाचा, म्हणजे वत्सगुल्माचा इतिहास त्यासाठी पुरेसा आहे.

वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. वाकाटकांच्या दोन शाखांपैकी एकीची ही राजधानी. या शाखेचा संस्थापक सर्वसेन हा पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र. हा राजा कवीही होता. सत्यभामेसाठी श्रीकृष्णाने स्वर्गातून पारिजात आणल्याची कथा त्याने ‘हरिविजय’ या प्राकृत काव्यात गुंफली. त्या काव्याची पोथी आज उपलब्ध नाही. तरीही सर्वसेन कवी म्हणून आपल्याला माहीत आहे, तो केवळ इतरांनी त्याचा संदर्भ दिला म्हणून. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त रसानुकूल कथाबदलाचे उदाहरण देताना कालिदासाच्या प्रबंधांबरोबर सर्वसेनाच्या ‘हरिविजया’चा नामोल्लेख केला. कुंतकाने सुकुमार मार्गाच्या कवींत त्याला कालिदासाच्या पंक्तीस बसविले. हेमचंद्रानेही त्याची दखल घेतली.

अकराव्या शतकात भोजाने ‘सरस्वतीकंठाभरण’ आणि ‘शृंगारप्रकाश’ या ग्रंथांत शेकडो प्राकृत पद्ये उदाहरणादाखल दिली. मात्र अनेक ठिकाणी कवीचे वा काव्याचे नाव दिले नाही. त्यांपैकी ‘हरिविजया’तील कोणती असावीत, हे व्ही. राघवन आणि वा. म. कुलकर्णी यांच्यासारख्या अभ्यासकांना प्रसंगावरून, पात्रांवरून आणि छंदावरून ताडून ठरवावे लागले. जेथे नाव होते तेथे आधार मिळाला. जेथे नव्हते तेथे अनुमानावर भागवावे लागले. भोजाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या वाचकांना ती पद्ये कोणाची हे ठाऊक असणार, नाव सांगण्याची गरज त्याला भासली नसणार. परंतु समकालीनांना ठाऊक आहे म्हणून गाळलेले नाव पुढे कोणालाच ठाऊक राहत नाही. आजच्या निबंधांत ‘मिराशी म्हणतात’ एवढेच लिहून आपण पुढे जातो, तेव्हा आपणही हाच भरवसा धरून असतो.

आता दुसरी बाजू. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात हरिषेणाचा सचिव वराहदेव याचा लेख आहे आणि त्यात वाकाटकांची वंशावळ आहे. लेख फार झिजलेला आहे. भाऊ दाजी लाड यांनी १८६०च्या दशकात तो प्रथम वाचला. पुढे ब्यूलर यांनी १८८३ साली पश्चिम भारताच्या पुरातत्त्व अहवालाच्या चौथ्या खंडात त्याचे सुधारित वाचन दिले. त्या वाचनात प्रवरसेनाच्या मुलाचे नाव रुद्रसेन आणि नातवाचे पृथिवीषेण असे आले. ही नावे दुसऱ्या शाखेतील राजांशी जुळणारी होती, त्यामुळे शंका येण्याचे कारण नव्हते. अर्धशतकाहून अधिक काळ ते वाचन ग्रंथांतून ग्रंथांत उतरत राहिले आणि वत्सगुल्माची शाखा वंशावळीतच हरवून राहिली.

१९३९ साली वाशीम येथे ताम्रपट उजेडात आला. वत्सगुल्माहून दिलेल्या त्या दानपत्रात विंध्यशक्ती हा राजा आपण सर्वसेनाचा पुत्र आणि प्रवरसेनाचा नातू असल्याचे सांगतो. वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला आणि रुद्रसेनाच्या जागी सर्वसेन, पृथिवीषेणाच्या जागी विंध्यसेन अशी नावे सिद्ध केली. त्यांचे हे वाचन १९४१ साली हैदराबाद पुरातत्त्व मालेत प्रसिद्ध झाले. ब्यूलर यांची चूक सापडू शकली, कारण त्यांनी कोणता लेख, कोठला, कोणत्या ओळीत काय वाचले हे सारे स्वच्छ नोंदवून ठेवले होते. संदर्भाचा खरा उपयोग आम्हांस येथे दिसतो. आपली चूक दुसऱ्याला सापडावी म्हणून आपणच ठेवलेली ती वाट असते.

त्या विद्यार्थ्याच्या तळटीपेकडे परत येऊ. वाशीम ताम्रपटाची माहिती प्रथम भारतीय इतिहास परिषदेच्या १९३९च्या अधिवेशनात य. खु. देशपांडे आणि द. ब. महाजन यांनी मांडली. एपिग्राफिया इंडिकातील लेखावर मिराशी आणि महाजन अशी दोघांची नावे आहेत. मिराशींनी हा ताम्रपट पुढे ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ (१९५७) या मराठी ग्रंथात आणि भारतीय कोरीव लेखांच्या महासंग्रहाच्या पाचव्या खंडात (१९६३) पुन्हा हाताळला. मिराशींचे नाव मोठे. त्यामुळे नुसते ‘मिराशी’ लिहिण्याची सवय लागते आणि महाजन व देशपांडे हे विदर्भातले संशोधक आपल्याच हातून पुसले जातात. भोजाच्या ग्रंथांत जे सर्वसेनाचे झाले, तेच यांचे होऊ शकते.

आणखीही काही गोष्टी मूळ लेख समोर असल्याशिवाय कळत नाहीत. त्याच्या शीर्षकात गावाचे नाव ‘बासिम’ असे इंग्रजी अमदानीतले आहे आणि गाव अकोला जिल्ह्यात दाखविले आहे; वाशीम जिल्हा १९९८ साली वेगळा झाला. शीर्षक होते तसेच ठेवावे आणि आजचे नाव आपल्या मजकुरात द्यावे. जुने नाव ‘सुधारले’ तर पुढच्याला लेख सापडणार नाही. खंडावरील १९४१-४२ ही वर्षे खंडाची आहेत, छपाईचे साल निराळे. आपण कोणते देतो याचे भान असावे. आणि मूळ लेख खरोखरच मिळाला नाही, तर ज्या पुस्तकातून माहिती घेतली त्याचे नाव देऊन ‘तेथे उद्धृत’ असे लिहावे. यात कमीपणा नाही. अनसिंगसारख्या गावी मोठे ग्रंथालय जवळ नसणे हा विद्यार्थ्याचा अपराध नव्हे. न पाहिलेले पाहिले असे भासविणे मात्र त्याच्या हातातले आहे.

राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरीत लावून दिला आहे. त्या नगरीच्या कवीचे काव्य गेले आणि संदर्भ उरले. त्याच मातीत बसून लिहिणाऱ्याने तळटीप लिहिताना घाई करू नये, एवढेच आमचे मागणे आहे.