नोंदणी नसलेल्या धार्मिक मंडळांना दिलेले मालमत्तेचे दान

संस्था म्हणून कायदेशीर नोंदणी न झालेले भजनी मंडळ, सत्संग किंवा उपासक गट यांच्या नावे जमीन वा घर देण्याचा व्यवहार. नोंदणी नाही म्हणून दान आपोआप रद्द ठरत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५ नुसार ‘व्यक्ती’ या संज्ञेत नोंदणी नसलेला व्यक्तिसमूहही येतो. मात्र स्थावर मालमत्तेचे बक्षीसपत्र दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी नोंदवावे लागते आणि दात्याच्या हयातीतच ते स्वीकारले जावे लागते (कलमे १२२, १२३).

खरी अडचण मालकीची आहे. सातबाऱ्यावर अध्यक्षाचे व्यक्तिगत नाव लागले, की त्याच्या पश्चात वारस हक्क सांगू लागतात. त्यामुळे ‘मंडळाचे विश्वस्त या नात्याने’ हे शब्द दस्तात हवेतच. मूर्तीला दिलेल्या दानाची गोष्ट वेगळी: हिंदू देवता कायद्याने व्यक्ती मानली जाते, हे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ मध्ये मलिक खटल्यात स्पष्ट केले. हेतूही निश्चित असावा लागतो. नुसते ‘धर्म’ म्हणून केलेले मृत्युपत्रातील दान रणछोडदास विरुद्ध पार्वतीबाई (१८९९) या मुंबईच्या खटल्यात संदिग्धतेमुळे निरर्थक ठरले.

महाराष्ट्रात सार्वजनिक धार्मिक न्यासाची धर्मादाय कार्यालयात नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने बंधनकारक आहे. ती नसेल, तर न्यासाच्या वतीने हक्क बजावण्याचा दावा कलम ३१ नुसार न्यायालय चालवत नाही. म्हणून दात्याने बक्षीसपत्र करण्याआधी मंडळाची नोंदणी करून घ्यावी.