शेवटच्या माणसाला पटेपर्यंत

मी नववीत असताना वक्तृत्व स्पर्धेत मला पहिले बक्षीस मिळाले. ही १९७० सालची गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा जुनी माणसे अजून चांदाच म्हणत. विषय होता मुलींचे शिक्षण. भाषण गुरुजींनी लिहून दिलेले, मी पाठ केलेले. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग' इथून सुरुवात, पाचव्या मिनिटाला पहिली घंटा, सातव्याला दुसरी. कुठे थांबायचे, कुठे आवाज चढवायचा, कुठल्या शब्दाला उजवा हात वर न्यायचा, सारे ठरलेले. टाळ्या पडल्या, फाउंटन पेन मिळाले आणि आपल्याला बोलता येते असा माझा पक्का समज झाला.

तो समज तेरा वर्षे टिकला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि पुढच्याच वर्षी मी त्या जिल्ह्यातल्या एका जंगलगावी मास्तर म्हणून रुजू झालो. शाळेच्या पटावर मुली नव्हत्याच म्हणा ना. मी गाव गोळा केले आणि तेच जुने भाषण थोडे फिरवून ठोकले. माणसे शांतपणे ऐकत होती. संपल्यावर मागे बसलेली एक म्हातारी म्हणाली, ''मास्तर, बोलना बेस झाला जी. पन पोरगी शाळेत गेली त मोहं कोन येचन?''

माझ्या भाषणात मोहफुलांचा उल्लेखच नव्हता. उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे पडलेली मोहफुले वेचली नाहीत तर त्या घराचा वर्षाचा एक आधार जातो, हे मला ठाऊकही नव्हते. मी काहीतरी पुटपुटलो. सभा उठली. दुसऱ्या दिवशी एकही नवी मुलगी शाळेत आली नाही.

समोरच्या माणसाला पटेल असे बोलणे शिकायचे कुठे, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मागे लागला. पुस्तके चाळली, मोठ्या वक्त्यांची भाषणे ऐकली. उत्तर मात्र मला या दोन जंगलजिल्ह्यांच्या इतिहासातच सापडले. आज त्याविषयीच बोलणार आहे.

या भागात माणसे हलवणारा सर्वांत मोठा आवाज राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा. त्यांचे शालेय शिक्षण फारसे नव्हते. हातात खंजिरी, साध्या बोलीतले भजन आणि भजनाच्या मधे थांबून केलेले थेट बोलणे, एवढीच त्यांची सामग्री. पण ज्या गावात पेपर जात नव्हता तिथे ती खंजिरी जात होती. १९४२ साली महाराजांचा चातुर्मास चिमूरला होता. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर पेटून उठले. त्यामागे त्यांच्या भजनांची प्रेरणा होती, असे आजही तिथे सांगितले जाते. गोळीबार झाला, अधिकारीही मारले गेले आणि नंतर गावाने लष्कराचे अत्याचार सोसले. महाराजांना त्याच महिन्यात अटक झाली.

चिमूरने मला दोन गोष्टी शिकवल्या. ऐकणाऱ्याच्या बोलीत आणि त्याच्या चालीत बोलले तर शब्द एका रात्रीत गाव उठवू शकतात, ही पहिली. आणि उठवलेल्या गावाला पुढे रोजचे निर्णय घ्यायचे असतात, त्यासाठी वेगळे बोलणे लागते, ही दुसरी. महाराजांनाही ते जाणवले असावे असे मला वाटते. कारण १९५५ साली त्यांनी 'ग्रामगीता' दिली, तिच्यात गावाची स्वच्छता, शेती, शिक्षण, आरोग्य असे रोजचेच विषय आहेत.

ते वेगळे बोलणे मला पहिल्यांदा दिसले दारूबंदीच्या चळवळीत. डॉ. अभय आणि राणी बंग १९८६ साली गडचिरोलीत आले. पुढच्या काही वर्षांत गावोगावी दारूविरुद्ध सभा झाल्या. तिथे 'दारू वाईट' हे कुणी सांगत बसत नसे, ते सर्वांनाच माहीत होते. घरातून दारूवर किती पैसा जातो याचा हिशोब मांडला जाई. कधी माईकसमोर उभी न राहिलेली बाई आपल्या घरचा आकडा सांगे आणि बसे. तिचे भाषण दोन वाक्यांचे, पण खोडता न येणारे. १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. ती कितपत पाळली गेली यावर वाद होऊ शकतो. पण गावच्या सभेत बायका बोलू लागल्या, हे मी डोळ्यांनी पाहिले.

आणि मग मेंढा. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या वाटेवर तीसेक किलोमीटरवर हे पाचशेच्या आतबाहेर वस्तीचे गोंड गाव आहे. शेजारच्या लेखा गावामुळे त्याला मेंढा-लेखा म्हणतात. इंचमपल्ली आणि भोपाळपट्टणमच्या धरणांविरुद्ध १९८०च्या दशकात 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झाले. त्या काळात मेंढ्याचे देवाजी तोफा आणि चंद्रपूरच्या 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखी माणसे घडत होती. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा या गावाने देशभर पोचवली. घोषणा देणे सोपे असते. मेंढ्याने ती रोजच्या वागण्यात कशी उतरवली, ते पाहण्यासारखे आहे.

गावाचा पहिला नियम असा की निर्णय सर्वसहमतीने घ्यायचा. हात वर करून मोजणी नाही. एकाचा जरी विरोध असला तरी निर्णय पुढे ढकलायचा आणि पुन्हा बसायचे. बोलणाऱ्यासाठी या नियमाचा अर्थ काय होतो, याचा विचार करा. प्राचीन अथेन्स हे वक्तृत्वाचे माहेरघर. तिथे पंचांपैकी निम्म्याहून अधिक आपल्याकडे वळले की काम फत्ते होई. ख्रिस्तपूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटिसला विषाचा प्याला मिळाला तो अशाच मतमोजणीने. तिथल्या वक्त्याला उरलेल्यांची पर्वा करण्याचे कारण नव्हते. मेंढ्यात मात्र शेवटच्या माणसाला पटेपर्यंत तुमचे भाषण संपत नाही. टाळ्या घेणारे वाक्य तिथे उपयोगाचे नाही, कारण ज्याला पटलेले नाही तो टाळ्या वाजवत नाही आणि त्याच्यावाचून काम अडते. मग बोलणाऱ्याला त्याच्याकडेच वळून विचारावे लागते, 'तुझी अडचण काय?' पुष्कळदा त्याची अडचण खरी निघते आणि मूळ प्रस्तावच सुधारतो.

दुसरा नियम तयारीचा. ग्रामसभेच्या जोडीला मेंढ्यात 'अभ्यास गट' आहे. ज्याला यायचे त्याने यावे, बाहेरच्या जाणकारालाही बोलवावे, कायदा वाचावा, शंका काढाव्यात. अट एकच, तिथे निर्णय घ्यायचा नाही. तो फक्त ग्रामसभेत. यातली शहाणी गोष्ट ध्यानात घ्या. निर्णय घ्यायचा नसला की माणसाला आपलीच बाजू जिंकवायची घाई राहत नाही. तो मोकळेपणाने 'मला कळले नाही' म्हणू शकतो. आमच्या वक्तृत्व स्पर्धेत तर बाजू आधी चिठ्ठीवर निघायची आणि अभ्यास मागाहून व्हायचा!

या तयारीची कसोटी लागली ती बांबूवर. मेंढ्याच्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षे कागद कारखान्यासाठी तोडला जाई. वन हक्क कायदा २००६ साली झाला आणि २००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळालेल्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत ते होते. पण बांबू विकायला वाहतूक परवाना लागतो आणि तो मिळेना. १९२७च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडांत होती, म्हणून तो इमारती लाकडासारखा वन खात्याचा, अशी सरकारी भूमिका. गावाचे म्हणणे असे, की नव्या कायद्याच्या व्याख्येतच गौण वनउपजांत बांबूचे नाव लिहिलेले आहे, तेव्हा तो ग्रामसभेचा.

या वादात गावाने दगड उचलला नाही, की हात जोडले नाहीत. कायद्यातले ते कलम गावाला ठाऊक होते आणि येणाऱ्या प्रत्येकापुढे ते मांडले जात होते. मार्च २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी, बांबू हे गौण वनउपज मानावे, असे राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना कळवले. २७ एप्रिल २०११ रोजी ते मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांसह मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. एवढ्याशा गावाचे म्हणणे दिल्लीला पटले होते. त्यानंतर २०१३ साली याच गावाने आपली शेतजमीनही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करण्याचे ठरवले. जमिनीवर कुणाचा किती जीव असतो ते मी सांगायला नको. अशा प्रश्नावर घरोघरचे मन वळायला किती बैठका लागल्या असतील, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

कुणी म्हणेल, गाव लहान म्हणून हे जमते, शहरात कोण बसणार इतका वेळ? मुद्दा रास्त आहे. पण संस्थेची बैठक, शाळेची पालकसभा, सोसायटीची मीटिंग, इतकेच काय, घरातला लग्नाचा निर्णय, ही सारी मेंढ्याएवढी किंवा त्याहून लहानच माणसांची सभा असते. तिथे आपण बहुमत गोळा करतो आणि हरलेला पुढे वर्षभर खोडा घालतो.

मी स्वतः काय केले, तेही सांगतो. त्या फसलेल्या भाषणानंतर पुढच्या वर्षी मी सभा घेतली नाही. संध्याकाळी घरोघर जाऊन बसलो. विचारले आणि ऐकले. मोह वेचायला मुली उजाडायच्या आधी निघतात आणि ऊन चढेस्तोवर मोकळ्या होतात, असे कळले. मग त्याच म्हातारीच्या अंगणात मी एवढेच म्हटले, ''मोहाच्या दिवसांत पोरी उशिरा आल्या तरी मी हजेरी मांडीन.'' ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ''असं म्हन ना जी मंग.''

त्या वर्षी सात मुली शाळेत आल्या. त्यातली एक तिची नात होती.

पुढे निवृत्तीपर्यंत मी मुलांना स्पर्धेसाठी तयार करत राहिलो. पाठांतर घेतले, आवाजाची फेकही शिकवली. त्यांचाही उपयोग आहे. पण भाषण लिहायला बसण्यापूर्वी प्रत्येकाला एक काम देत असे. तुझे म्हणणे ज्याला पटणार नाही अशा एका माणसाकडे जा, त्याची अडचण ऐक आणि त्याच्याच शब्दांत वहीत लिहून आण. ज्याची वही कोरी, त्याला मी मंचावर चढू दिले नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)