वागळे इस्टेटमधल्या स्पार्क जॉबला २००६ चा निर्णय का नडतो?

वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत. महामंडळ स्थापन झालं १ ऑगस्ट १९६२ ला. कल्पना साधी होती: रस्ते, पाणी यांची सोय एकदाच सगळ्यांसाठी करायची, कारखानदाराने फक्त यंत्रं घेऊन यायचं. आज तिथल्या कित्येक प्लॉटांवर आयटी पार्क आहेत. तिथे स्पार्कवर जॉब चालवणाऱ्या कुणाहीसमोर 'नो सच मेथड एरर' एवढंच म्हणून बघा, चेहरा पडतो. मी संशोधन करतोय ते या एररच्या इतिहासावर.

हडूप २००६ मध्ये स्वतंत्र प्रकल्प झाला. डग कटिंगने मुलाच्या खेळण्यातल्या हत्तीचं नाव त्याला दिलं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. त्या काळातल्या एका निर्णयाबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. तुमचा कोड आणि हडूपचा स्वतःचा कोड एकाच जावा प्रोसेसमध्ये, एकाच क्लासपाथवर चालणार. आधी हडूपच्या लायब्ररी, मग तुमच्या. वागळे इस्टेटसारखीच ही सामाईक सोय. पण तुलना इथेच थांबवतो, कारण पाण्याला आवृत्ती नसते.

लायब्ररीला असते. एका क्लासलोडरमध्ये एका नावाचा एकच क्लास राहू शकतो, आणि क्लासपाथवर जो आधी सापडेल तो जिंकतो. लॅपटॉपवर तुम्ही नव्या आवृत्तीवर कंपाइल करता, सगळं हिरवंगार. क्लस्टरवर मात्र जुनी आवृत्ती तुमच्या आधी येऊन बसलेली असते. मार्च २००८ मध्ये याहू आणि टाटांच्या पुण्यातल्या सीआरएलने 'एका' या महासंगणकावर हडूपसह संशोधनासाठी करार केला, तेव्हा तो जगात चौथ्या क्रमांकाचा होता. अशा सामाईक यंत्रावर लायब्ररीची आवृत्ती ठरवणारा एक आणि वापरणारे अनेक, हे ओघानेच आलं.

सगळ्यात बदनाम झाली ती गुगलची गुआव्हा. हडूप २ सोबत ११.०.२ यायची. पुढे १७ व्या आवृत्तीत गुआव्हाने स्टॉपवॉच या क्लासचा कन्स्ट्रक्टर बाहेरच्यांसाठी बंद केला, आणि हडूपचा फाइल वाचण्याचा कोड नेमका तोच वापरत होता! म्हणजे जुनी गुआव्हा ठेवली तर तुमचा कोड पडणार, नवी घातली तर हडूप. यात तुमचा निष्काळजीपणा कुठे आला?

बर्कलीत २००९ मध्ये सुरू झालेल्या स्पार्कने हा वारसा बराचसा तसाच उचलला. मग डागडुजी सुरू झाली. स्पार्कच्या लायब्ररी 'प्रोव्हायडेड' म्हणून जाहीर करा, बाकीच्या 'पॅकेजेस' पर्यायाने पाठवा. 'युजर क्लासपाथ फर्स्ट' नावाची सेटिंगही आली. कागदपत्रांत तिच्यापुढे 'प्रायोगिक' असंच लिहिलेलं असतं. ते उगाच नाही. दोन क्लासलोडरनी आणलेला एकाच नावाचा क्लास जावाला दोन वेगळे क्लास वाटतात, आणि एक एरर जाऊन 'क्लास कास्ट एक्सेप्शन' हजर होतं.

खरा उतारा निघाला तो नाव बदलण्याचा, म्हणजे शेडिंगचा. लायब्ररीची प्रत आपल्या जारमध्ये घ्यायची आणि तिच्या पॅकेजचं नावच बदलायचं, की टक्कर उरत नाही. हडूप ३.० ने डिसेंबर २०१७ मध्ये असा क्लायंट दिला. स्पार्कने तो मूळ सेटिंगमध्ये घेतला ३.२ मध्ये, ऑक्टोबर २०२१ ला. चार वर्षं!

मला हा उतारा पूर्णपणे पटत नाही. दोनच महिन्यांनी, डिसेंबर २०२१ मध्ये, लॉगफोरजेमधली गंभीर त्रुटी उघड झाली. तेव्हा फाइलींची नावं बघून भागेना. जारच्या आत दडलेल्या प्रती शोधाव्या लागल्या. नाव बदललेली प्रत टक्कर टाळते, तशी शोधणाऱ्यालाही चुकवते.

तर पुढचा जॉब पाठवण्याआधी मेवनकडून डिपेंडन्सींचा ट्री छापून घ्या आणि क्लस्टरवरच्या 'जार्स' फोल्डरशी ताडून बघा. स्पार्क ३ असेल तर तिथे बहुधा गुआव्हा १४.०.१ दिसेल. ती २०१३ ची आहे.